बोपदेव घाटात एकोणतीसचा पाढा

आमच्या कुटुंबात मोटारसायकली चार आणि हेल्मेटं पाच. माझी साडेतीनशे सीसीची, नवऱ्याची तेवढीच पण जुनी, भाऊजींची लांबच्या प्रवासाची उंच गाडी आणि तिच्यावर डबलसीट आमच्या जाऊबाई, शिवाय भाच्याची एक, जिच्या किमतीबद्दल त्याच्या आईसमोर बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. पुण्याहून पावसाळ्यात ताम्हिणी घाट, थंडीत वरंध किंवा पसरणी घाट, अशी आमची वारी चालू असते. चालत्या गाडीवर एकमेकांशी बोलायची काहीतरी सोय करू या, असा विषय मी काढला तेव्हा नवऱ्याने विचारलं, "घरी बोलतो तेवढं पुरत नाही का?"

चेष्टा सोडली तर प्रश्न रास्त होता. म्हणून यंत्रं बघायच्या आधी मी सगळ्यांना एकच विचारलं: मागच्या वेळी गाडीवर असताना काय सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही? भाऊजींना पेट्रोल भरायला थांबायचं होतं, ते हॉर्न वाजवत राहिले आणि आम्हाला वाटलं मजेत आहेत. जाऊबाईंना "हळू" एवढंच म्हणायचं होतं, ते त्यांनी पाठीत बोट खुपसून म्हटलं. भाच्याला गाणी ऐकायची होती. नवऱ्याला काहीच सांगायचं नव्हतं. मला मात्र ताम्हिणीतली ती दुपार आठवत होती. मुळशी धरण मागे टाकल्यावर माझी गाडी पंक्चर झाली, पुढचे तिघे आपल्या नादात गेले, एका टपरीवर थांबून त्यांनी चहा घेतला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की एक गाडी कमी आहे. फोनला रेंज नव्हती. मी रस्त्याच्या कडेला पावसात उभी.

या उत्तरांवरून एक गोष्ट उघड झाली. आम्हाला लागणारं बोलणं दोन-तीन शब्दांचं होतं, पण ते सर्वात मागच्या माणसापासून सर्वात पुढच्यापर्यंत पोचायला हवं होतं. गप्पा मारणं ही वरकड चैन. पुढे दुकानदाराने काय काय दाखवलं तरी मी या दोन वाक्यांना धरून राहिले, आणि बऱ्याच महागड्या गोष्टी आपोआप बाजूला पडल्या.

फोनवर भागवून पाहिलं होतंच. कानात इयरबड घालून चौघांचा कॉन्फरन्स कॉल. पिरंगुटपर्यंत झकास चालतं, पौड सोडल्यावर एकेक जण गळायला लागतो, आणि जिथे खरी गरज तिथे नेटवर्कच नाही. शिवाय हेल्मेट चढवताना एक बड हमखास बाहेर ओढला जातो. फोन हातात धरून बोलायचा तर प्रश्नच नाही: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिने धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या संपर्क उपकरणाचा उल्लेख स्पष्टच घातला आहे.

भाऊजींचा ओढा वॉकीटॉकीकडे. त्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट २०१८ च्या नियमांनुसार आपल्याकडे विनापरवाना वापरता येतात, आणि ही लहर ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा अडथळ्याआडून जरा बरी पोचते. पण बोलायला बटण दाबून धरावं लागतं, एका वेळी एकच बोलू शकतो, आणि घाटात डावा हात क्लचवर नि उजवा ॲक्सिलरेटर-ब्रेकवर असताना तिसरा हात आणायचा कुठून? हँडलवर बसवायचं बटण मिळतं, मात्र मग खिशातल्या सेटपासून हेल्मेटपर्यंत वायरी आल्या. ऑनलाइन 'दहा किलोमीटर रेंज' म्हणून विकले जाणारे कित्येक सेट तर या पट्ट्याबाहेर किंवा या ताकदीच्या पलीकडे चालतात. त्यांना परवाना लागतो. अशा बेकायदा विक्रीला आवर घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. भाऊजी सरकारी नोकरीत असल्यामुळे एवढं वाचून दाखवल्यावर वॉकीटॉकीचा विषय तिथेच मिटला.

उरला हेल्मेटवर बसवायचा इंटरकॉम. त्यात दोन जाती. एक साधा ब्लूटूथचा, दुसरा मेशचा.

ब्लूटूथ इंटरकॉममध्ये माणसं एकापुढे एक साखळीने जोडलेली असतात: पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी. मधली कडी निसटली की पुढचे आणि मागचे तुटले. दोघांसाठी, विशेषतः चालवणारा आणि डबलसीट यांच्यासाठी, हे पुरेसं आणि स्वस्त. आम्ही पाहिले ते चार-पाच हजारांपासून सुरू होत होते. मेशमध्ये प्रत्येक सेट दुसऱ्याचं बोलणं पुढे ढकलतो. कोण पुढे, कोण मागे याला महत्त्व नाही. कुणी रेंजबाहेर गेला तर बाकीचे आपापसात जोडलेले राहतात, तो परत आला की आपोआप सामील होतो. कार्डो कंपनीने पॅकटॉक नावाच्या सेटमधून २०१५ साली ही पद्धत मोटारसायकलवाल्यांसाठी आणली, 'सेना' कंपनीचा मेशवाला ३०के सेट २०१८ मध्ये आला. कार्डोच्या गटात पंधरा जण बसतात, सेनाच्या बंद, म्हणजे फक्त आपल्याच माणसांच्या, गटात चोवीस. बंगळुरूची ब्लूआर्मर कंपनी, जी आधी हेल्मेटच्या कूलरसाठी ओळखली जायची, तीही आता स्वतःची मेश देते. वरच्या श्रेणीतले परदेशी सेट तीस हजारांच्या आसपास किंवा पुढे जातात. गुणिले चार केल्यावर नवरा म्हणाला, "एवढ्यात एक सेकंडहँड गाडी येईल."

भाच्याकडे आधीच एक सेट होता, ऑनलाइन घेतलेला, खोक्यावर मोठ्या अक्षरात 'सहा रायडर'. त्यामुळे त्याचं म्हणणं, सगळ्यांनी हाच घ्या, काम फत्ते. खोक्यातली पत्रिका चष्मा लावून वाचल्यावर कळलं की सहा जणांची ओळख हा सेट लक्षात ठेवतो. बोलता येतं एका वेळी दोघांनाच. तिसऱ्याशी बोलायचं तर दुसऱ्याला सोडा आणि बटण दाबा. खोक्यावरचं खोटं नव्हतं, फक्त 'रायडर' या शब्दापाशी थांबलेलं होतं. असा आकडा दिसला की 'एकाच वेळी किती जण बोलू शकतात' हा प्रश्न दुकानात सरळ विचारावा.

दुकानं पालथी घातली ती नाना पेठेतली आणि दोन-तीन रायडिंग गिअरवाल्यांची. काउंटरवर सगळेच सेट छान ऐकू येतात. हेल्मेट घालून आरशासमोर उभं राहून "हॅलो, हॅलो" म्हटल्यावर काय कळणार? एकाने तर "ताई, एक पॉइंट सहा किलोमीटर रेंज, लिहून देतो" असंही सांगितलं. लिहून घ्यायला माझी हरकत नव्हती, पण तो आकडा सपाट मोकळ्या मैदानातला, समोरासमोर दिसणाऱ्या दोन गाड्यांमधला. २.४ गिगाहर्ट्झची लहर डोंगरातून जात नाही, आणि माणसाच्या शरीरातलं पाणीही तिला शोषतं. आमचे रस्ते सगळे वळणावळणाचे. तेव्हा घाटात तपासल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत यावर घरात प्रथमच एकमत झालं.

भाच्याच्या ओळखीच्या मुलांनी एका रविवारपुरते दोन्ही जातींचे सेट दिले. बोपदेव घाट निवडला, कारण कोंढव्यातून निघालं की लगेच चढ लागतो, वळणं नेमकी हवी तशी आहेत आणि पहाटे रहदारी कमी. तपासायची पद्धत माझी. नुसतं "ऐकू येतंय का" विचारलं तर उत्तर "हो" किंवा शांतता, एवढंच मिळतं. आवाज कुठे खराब व्हायला लागला ते समजत नाही. म्हणून चढणाऱ्याने पाढा म्हणायचा आणि पायथ्याशी उभ्या असलेल्याने कोणता आकडा नीट आला, कोणता तुटला ते लिहायचं. दोनाचा पाढा असेल तर ऐकणारा तुटलेला आकडा मनानेच भरतो. एकोणतीसचा भरता येत नाही.

नवरा पायथ्याला वही घेऊन उभा राहिला आणि मी एकोणतीस, अठ्ठावन्न करत निघाले. साध्या ब्लूटूथवर पहिलं वळण पार झालं, दुसऱ्यावर आवाज चिरकला आणि डोंगर मधे आल्यावर बंद. सरळ अंतर मोजलं तर काही शे मीटर असेल. परत खाली आले तरी जोडणी आपोआप झाली नाही, बटण दाबावं लागलं. मग भाऊजींना वळणावर उभं केलं आणि साखळी लावली: नवरा, भाऊजी, मी. आता पाढा खालपर्यंत पोचला. भाऊजींच्या पाठीमागे जाऊबाई ऐकत होत्या. त्यांनी एकदा "दोनशे तीन आधी, दोनशे बत्तीस नंतर" अशी दुरुस्तीही केली. पण भाच्याला साखळीत आमच्या मधे घेऊन त्याला भरधाव वर जाऊ दिलं, तर मधली कडीच सगळ्यांच्या पुढे निघून गेली आणि भाऊजींना माझा आवाज यायचा बंद झाला, मी त्यांना दिसत असूनसुद्धा. प्रवासात ओव्हरटेक होतातच. दर वेळी कडीच्या क्रमाने चालायला आम्ही काही शाळेची रांग नव्हतो.

मेशवर तोच प्रकार केला. एकट्या दोन सेटांमध्ये फरक फार नव्हता. डोंगर मधे आला की मेशही मुकी होते, आणि हे विकणाऱ्यांनी स्वच्छ सांगायला हवं. फरक पडला तो चार सेट रस्त्यावर विखुरल्यावर. कुणीही कुठेही असो, वळणावर एक माणूस असला की आवाज त्याच्यावरून पुढे जात होता. भाचा पार वर जाऊन गायब झाला तरी आमचं तिघांचं चालू राहिलं, आणि तो परत दिसायच्या आधी त्याचं शीळ वाजवणं आलं. नवऱ्याने वही मिटली.

त्या दिवशी सर्वात जास्त शिकवलं ते मात्र रेंजने नव्हे, माइकने. परतताना कात्रजकडून हायवेला लागून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. ऐंशीच्या वर गेल्यावर वाऱ्याचा आवाज एवढा वाढतो की सेट कितीही महाग असो, माइक चुकीच्या जागी असेल तर बोलणाऱ्याऐवजी वारा ऐकू येतो. बंद तोंडाच्या हेल्मेटमध्ये हनुवटीच्या पट्टीच्या आतून चिकटवायचा वायरचा छोटा माइक हवा. उघड्या हेल्मेटमध्ये दांडीवरचा, फोमची टोपी घातलेला, ओठांच्या अगदी जवळ. जाऊबाईंचं हेल्मेट उघडं. दांडी गालापाशी सरकली की त्यांचं प्रत्येक वाक्य ताशांच्या गजरातून आल्यासारखं यायचं. दांडी पुढे ओढली, आणि ती नेमकी किती ओढायची याचा हेल्मेटच्या कडेला मार्करने ठिपका केला.

काही सेटांमध्ये माइक आवाज आला की मगच जागा होतो. वाऱ्याचा गोंगाट त्याने कमी होतो, पण बोलण्याची सुरुवात कापली जाते. "डावीकडे" आणि "उजवीकडे", दोन्ही "वीकडे" होऊन येतात. चौकात हे परवडणारं नाही. उपाय सोपा निघाला: आधी "अरे" म्हणायचं, मग दिशा. आता आम्ही घरातही एकमेकांना "अरे, मीठ दे" म्हणतो, सासूबाईंना त्याचं नवल वाटतं.

स्पीकरचं बसवणं हा स्वतंत्र विषय आहे. हेल्मेटच्या अस्तरात कानापाशी खोलगट जागा असेल तर ठीक. नसेल तर चाळीस मिलिमीटरची चकती कानावर दाबली जाते. माझ्या कुड्यांवर तर ती अशी टेकायची की तासाभरात कानाची पाळी लाल. आता प्रवासाला निघताना कुड्या काढून डबीत. पुरुष परीक्षण करणाऱ्यांच्या कुठल्याच व्हिडिओत ही अडचण सांगितलेली नव्हती. एका दुकानात तर कारागीर ब्लेड घेऊन आतला जाड पांढरा थर कोरायला निघाला, स्पीकरला जागा करायला. मी हेल्मेट त्याच्या हातातून काढून घेतलं. आपटल्यावर डोक्याला बसणारा धक्का तोच थर दबून शोषतो. आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं हेल्मेट घ्यायचं आणि तोच थर तासायचा, याला काय अर्थ? स्पीकर पुढे-मागे सरकवून कानाच्या छिद्रासमोर आणणं आणि मागे पातळ फोमची चकती देऊन जवळ आणणं, एवढ्यानेच आवाज इतका सुधारतो की व्हॉल्यूम दोन पायऱ्या खाली येतो. लांब पल्ल्याला मी फोमचे इयरप्लगही घालते. वाऱ्याची घरघर दबते आणि माणसाचं बोलणं उलट स्वच्छ येतं. पटत नसेल तर एकदा करून बघा.

पाऊस, बॅटरी, बटणं यांवर फार वेळ घालवला नाही. पावसासाठी आयपी६७ असावं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतं. ताम्हिणीच्या श्रावणाला एवढं लागतंच. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट लावणं आपल्या हातात. बॅटरी पुण्याहून निघून संध्याकाळी परतेपर्यंत पुरली पाहिजे. बटणं ओल्या ग्लोव्हजनी दाबता आली पाहिजेत: दुकानात हे हातमोजे घालूनच तपासलं, दुकानदार हसला, हसू दे.

खरं भांडण झालं ते पाचव्या हेल्मेटावरून. एका कंपनीची मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा बोलत नाही, त्यामुळे चौघांनी एकाच कंपनीचे घ्यायचे हे नक्की. पण जाऊबाईंसाठीही तेवढेच पैसे घालायचे का? भाऊजी गप्प, जाऊबाई त्यांच्याकडे बघतायत. शेवटी मार्ग निघाला तो भाच्याच्या जुन्या सेटमधून. दुसऱ्या कंपनीचा साधा ब्लूटूथ सेट मेशच्या सेटला फोन असल्याच्या बतावणीने जोडता येतो. भाऊजींच्या सेटला तो जोडला. जाऊबाई भाऊजींशी बोलतात, आणि त्यांच्यामार्फत बाकीच्यांचंही त्यांना थोडं दबक्या आवाजात ऐकू येतं. यात फोनची जागा जाते, म्हणजे गाडीवर असताना भाऊजींना ऑफिसचे फोन नीट घेता येत नाहीत. या व्यवस्थेवर जाऊबाई फार खूश आहेत. सगळ्या सेटांत हे सारखं जमतं असं नाही, म्हणून आम्ही जुना सेट दुकानात नेऊन, जोडून, ऐकून मगच पैसे दिले.

ब्रँड निवडताना शेवटचा कौल लावला तो दुरुस्तीवर. बिल भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं आहे का, बिघडला तर पुण्यात कुणाच्या हातात द्यायचा, स्पीकर-माइकचा संच सुटा मिळतो का. परदेशातून कुणाच्या तरी बॅगेतून आलेला सेट पाच-सहा हजारांनी स्वस्त पडत होता. तो सोडला.

सेट आल्यावर पहिल्या फेरीत सगळे एकदम बोलत होते. नवरा, ज्याला काही सांगायचंच नव्हतं, तो चांदणी चौकापासून मुळशीपर्यंत उड्डाणपुलांच्या बांधकामावर बोलला. म्हणून काही गोष्टी ठरवून घेतल्या. शहरात इंटरकॉम म्यूट. हॉर्न, रुग्णवाहिका, शेजारून घुसणारा रिक्षावाला यांच्याकडे कान हवेत. घाटात पुढचा फक्त रस्त्याची बातमी देतो: वाळू, म्हशी, समोरून एसटी. मागचा फक्त दोनच गोष्टी सांगतो: "सगळे आहेत" किंवा "थांबा". आणि एक वाक्य पूर्ण बंद केलं आहे, "ये, मोकळं आहे". पुढच्याने ट्रक ओलांडला तेव्हा त्याला रस्ता मोकळा होता. चार सेकंदांनी मागच्याला तो तसा असेलच असं नाही, पण कानात ओळखीचा आवाज आला की हात आपसूक ॲक्सिलरेटर पिळतो. भाच्याला हे दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा त्याच्या मामाने सांगितलं.

वरंधमध्ये एकदा भाऊजींच्या चाकात हवा कमी वाटली. "थांबा" हा शब्द मागून पुढे गेला, सगळे पुढच्या रुंद जागी थांबले, हवा भरली, निघालो. प्रसंग म्हणून सांगण्यासारखं त्यात काहीच घडलं नाही.

आता भाच्याच्या एका मित्राला आमच्याबरोबर यायचंय आणि त्याचा सेट निराळ्या कंपनीचा. भाऊजींची फोनची जागा जाऊबाईंनी अडवलेली, माझी रिकामी आहे. तो माझ्या सेटला जोडला जाईल, पण ब्लूटूथनेच, तेव्हा लांब गेला की तुटणार. त्याला सांगितलंय, माझ्या आरशात दिसत राहायचं.